समोरच्या पक्षाचं मत आणि घरी बसलेलं मत: बूथवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. त्याआधी २०१७ला मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२०मध्ये दोन उमेदवारांना सारखी मतं पडली आणि शेवटी चिठ्ठी टाकून नगरसेवक ठरला. असे निकाल लागले की हरलेल्या बाजूला एकच चर्चा सुरू होते, "आपली माणसं बाहेर काढायला कमी पडलो." पण आपली माणसं बहुतेक वेळा आलेली असतात. राहून जातात ती दोन प्रकारची घरं: एक, "ते घर त्यांचं आहे" म्हणून आपण ज्याची पायरीच चढलो नाही, आणि दुसरं, "ते कधी मतदानाला उतरतच नाहीत" म्हणून सोडून दिलेलं.

हा लेख पहिल्यांदाच बूथचं काम हातात घेतलेल्या कार्यकर्त्यासाठी आहे, पक्ष कुठलाही असो. माझं सांगणं थोडक्यात असं: विरोधातला मतदार भाषणाने वळत नाही आणि घरी बसणारा जाहिरातीने उठत नाही. दोघांच्या दारात त्याच माणसानं परत जावं लागतं, आणि परत जाताना पहिल्या भेटीत निघालेल्या प्रश्नाचं उत्तर सोबत न्यावं लागतं. हे काम आचारसंहिता लागल्यावर सुरू करून होत नाही. किमान वर्षभर आधी लागा.

१. आधी आपल्या बूथचे आकडे वाचा

लोकसभा-विधानसभेच्या मतमोजणीनंतर निवडणूक अधिकारी 'फॉर्म २०' तयार करतात. कोणत्या मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मतं पडली आणि 'नोटा'ला किती गेली, हे त्यात केंद्रवार लिहिलेलं असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. मागच्या दोन-तीन निवडणुकांचे आपल्या केंद्राचे आकडे एका कागदावर उतरवून घ्या.

समजा तुमच्या यादीत १,१०० नावं आहेत. मतदान झालं ६००. तुम्हाला २२०, समोरच्याला ३१०, बाकीची इतरांना. नव्या कार्यकर्त्याची नजर त्या ३१०वर खिळते आणि फरक ९०चा वाटतो. यादीतली, पण मतदानाला न उतरलेली ५०० माणसं त्याच्या हिशेबातच नसतात. त्यातली १०० जरी बाहेर पडली आणि त्यातली ७० तुमच्याकडे, ३० समोरच्याकडे गेली, तर आकडा होतो २९० विरुद्ध ३४०. आता समोरची फक्त २५ माणसं वळली की दोघे ३१५वर येतात. घरातून उठलेलं मत एकाचा फरक पाडतं, वळलेलं मत दोनाचा. म्हणून दोन्ही कामं एकाच वेळी करायची. शंभर माणसं उठवणं आणि पंचवीस माणसं वळवणं, एका बूथचं काम एवढंच आहे. ते चार-पाच जणांना झेपतं.

'नोटा'चा रकाना नीट बघा. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा' २७ हजारांवर मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर राहिलं. रांगेत उभं राहून नापसंती नोंदवणारा माणूस उदासीन नसतो. तुमच्या बूथवर 'नोटा'ची वीस मतं असतील तर ती वीस माणसं कान देऊन ऐकणारी आहेत, असं धरून चाला.

२. घरी कोण बसतं आणि का, हे दारावर जाऊन शोधा

२०२४च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये जवळपास ७२ टक्के मतदान झालं, एप्रिलच्या उन्हात, जंगलातून पायी केंद्र गाठून. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत ते ५० टक्क्यांच्या आसपास अडकलं, जिथं केंद्र हाकेच्या अंतरावर असतं. गैरसोय आहे म्हणून लोक येत नाहीत, हे उत्तर त्यामुळे अर्धंच खरं. प्रत्येक न उतरलेल्या नावामागचं कारण वेगळं असतं आणि ते यादी हातात धरूनच कळतं.

काही नावं मुळात चुकीचीच असतात. माणूस वारलेला असतो, भाड्याची खोली सोडून गेलेला असतो, लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या यादीत असतं. पहिल्या फेरीत अशी नावं वेगळी काढली की ५००चा आकडा बराच खाली येतो आणि तुमचा धीर वाढतो.

मग येतात बाहेर गेलेले. बीड, अहिल्यानगरच्या पट्ट्यातल्या ऊसतोड टोळ्या दिवाळी झाली की मुकादमाबरोबर कारखान्यावर जातात. २०२४चं विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, म्हणजे नेमकं गाळप सुरू होण्याच्या सुमाराला. कोकणातल्या गावांत थोडं वेगळं चित्र असतं: राहायचं विरार-दिव्याला आणि नाव गावच्या यादीत. या माणसांना "मतदान हे पवित्र कर्तव्य आहे" म्हणून काही उपयोग नाही. त्यांना दोनच गोष्टी विचारायच्या: मत कुठं द्यायची इच्छा आहे, आणि तिथं नाव आणायचं का.

तिसरे म्हणजे ज्यांना त्या दिवशी मोकळीक मिळत नाही. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टीची तरतूद कायद्यात आहे, पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईला, बारा तासांच्या पाळीवरच्या वॉचमनला, गाडीवर जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या मुलाला ती कोण देतं? त्यांच्यासाठी वेळ काढून द्यावा लागतो. सोसायटीच्या सेक्रेटरीशी आधीच बोलून दोन वॉचमनना आळीपाळीने तासभर सोडायची सोय करा. घरकाम करणाऱ्या बायका सकाळी सातच्या आत निघतात. त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की परतताना दुपारी दोन ते तीनमध्ये रांग सहसा कमी असते.

आणि उरतात ते खरे नाराज. "कोण आलं तरी आमच्या नळाला पाणी तेवढंच." यांच्याशी वाद घालू नका. त्यांचा अनुभव खरा असतो. मुंबईसारख्या शहरात तर २०२२च्या मार्चपासून जवळपास चार वर्षं महापालिकेत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासक होता. ज्याला वर्षानुवर्षं नगरसेवकच दिसला नाही, त्याला मताचा उपयोग काय हे तोंडी पटवता येत नाही, काम दाखवूनच पटवावं लागतं.

३. नाव नोंदणीचं काम स्वतः हातात घ्या

नवं नाव घालायला फॉर्म ६, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला फॉर्म ८, नाव वगळायला फॉर्म ७. अठरा वर्षं पूर्ण होण्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. अर्ज ऑनलाइन भरता येतो किंवा आपल्या भागाच्या बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) देता येतो. बीएलओ बहुतेकदा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात आणि कामाने आधीच वाकलेल्या असतात. त्यांच्याशी आदराने वागा. तुम्ही नीट भरलेले, कागद जोडलेले वीस अर्ज आणून दिलेत तर त्या तुम्हाला हसून बसवतील.

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच बनते, आणि ती ठरावीक तारखेची यादी धरून. निवडणूक जाहीर झाल्यावर दिलेला फॉर्म ६ त्या निवडणुकीला कामी येत नाही. दरवेळी कितीतरी तरुण मुलं इथंच मत गमावतात.

फॉर्म ७चा वापर समोरच्याची मतं उडवायला कधीही करू नका. खोटी माहिती देणं गुन्हा आहे, हे एक. दुसरं असं की ज्याचं नाव तुम्ही उडवलं त्याचं घर, भावकी, गल्ली कायमची तुमच्या विरोधात जाते.

४. दारावर काय बोलायचं

दोघांनी जा, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. दहा जणांचा घोळका, गळ्यात पक्षाचे उपरणे, हातात पत्रकांचा गठ्ठा असा गेला की घरातलं माणूस दार अर्धं उघडतं आणि "हो हो, तुम्हालाच" म्हणून लावून घेतं. ते "हो" तुमच्या वहीत पक्कं मत म्हणून लिहिलं जातं आणि निकालाच्या दिवशी आकडा चुकतो.

चांगली भेट साधारण अशी होते.

"काकू, मी मागच्या गल्लीत राहतो. पक्षाचं काम करतो. आज मत मागायला आलो नाही, थोडं विचारायचं होतं."

"मागच्या खेपेला पण असेच आले होते. नंतर कोणी फिरकलं नाही."

नव्या कार्यकर्त्याच्या तोंडून इथं पटकन निघतं, "ते आमचे नव्हते हो, ते त्या पक्षाचे." हे वाक्य गिळून टाका. काकूंना कोण कोणाचे याच्याशी देणंघेणं नाही.

"तेव्हा काय काम राहिलं होतं, काकू?"

"ते गटाराचं झाकण. नातवाचा पाय गेला होता त्यात."

"कुठलं? दाखवता का?"

काकू चपला घालून खाली उतरल्या की तुमची खरी भेट सुरू झाली. झाकणाचा फोटो काढा, समोरच्या खांबाचा नंबर टिपा, त्यांच्यासमोर तारीख लिहा. आणि म्हणा, "तक्रार टाकतो. पुढच्या गुरुवारी येऊन सांगतो, झालं असो नाहीतर नसो." त्या शेवटच्या चार शब्दांवर सगळं अवलंबून आहे. "करून देतो" कधी म्हणू नका. ते तुमच्या हातात नाही. येऊन सांगणं मात्र तुमच्या हातात आहे.

कोणाला मत दिलं हे विचारू नका, तो त्यांचा हक्क आहे. त्याऐवजी विचारा, "आपल्या भागात गेल्या काही वर्षांत चांगलं काय झालं?" समोरच्या पक्षाचा माणूस आपल्या नगरसेवकाचं काम सांगेल. ते खरं असेल तर "हो, तो रस्ता चांगला झाला" असं मोकळेपणाने म्हणा. विरोधकाचं चांगलं मान्य करणारा कार्यकर्ता लोकांना फार कमी वेळा भेटतो. त्यानंतर तुमचं टीकेचं वाक्यही ते ऐकून घेतात.

दारावरच्या भेटीचा उपयोग मोजूनही पाहिलेला आहे. १९९८ला अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात सुमारे ३० हजार मतदारांवर प्रयोग झाला: काहींना प्रत्यक्ष भेट, काहींना पत्र, काहींना फोन. भेटीने मतदान स्पष्ट वाढलं, पत्राने थोडंसं, आणि भाड्याच्या कॉल सेंटरवरून केलेल्या फोनचा उपयोग दिसला नाही. २०१६ला प्रसिद्ध झालेल्या मायामीमधल्या अभ्यासात दहाएक मिनिटांच्या शांत संवादाने, ज्यात समोरच्याला स्वतःचा अनुभव सांगायला लावलं जातं, लोकांच्या मनातला एक जुना पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम तीन महिने टिकला. आपल्याकडे चाळीच्या गॅलरीत हे जास्त सोपं आहे, कारण माणसं अजून एकमेकांना ओळखतात.

५. वही ठेवा आणि गुरुवारी जा

मोबाइलमधलं ॲप पक्षाला आकडे पाठवायला ठीक. स्वतःसाठी एक साधी वही ठेवा: यादीचा भाग आणि अनुक्रमांक, घरात मतं किती, काय बोलणं झालं, काय कबूल केलं, परत कधी जायचं. जात लिहू नका. कोण कोणाला मत देतं याचा अंदाज लिहिलाच तर वही घराबाहेर ठेवू नका. लोकांचे फोन नंबर विनाविचारता ग्रुपमध्ये टाकू नका. एका सकाळी शंभर 'सुप्रभात' आले की माणूस तुम्हाला ब्लॉक करतो आणि त्याबरोबर पक्षालाही.

झाकणाची तक्रार वॉर्ड ऑफिसला लेखी द्या, तक्रार क्रमांक घ्या. काही हललं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. गुरुवारी काकूंकडे जाऊन सांगा, "तक्रारीचा हा नंबर. साहेब म्हणतात कंत्राट संपलंय, नवीन निघायचंय. तोवर आम्ही वर फळी टाकून लाल रंग मारलाय." काम झालेलं नाही, तरी तुमचा शब्द खरा ठरला. तिसऱ्या भेटीत काकू स्वतःहून शेजारणीला हाक मारतात.

६. विरोधातल्या मतदाराशी कसं वागायचं

यात काही घरं पक्की बांधलेली असतात. भिंतीवर नेत्याचा फोटो, मुलगा त्यांच्या युवा आघाडीत. तिथं नमस्कार करा, काम असेल तर करा आणि पुढं चला. वेळ द्यायचा तो ज्यांचं मत एखाद्या माणसामुळे तिकडं आहे, किंवा "आमचं घर पहिल्यापासून त्यांचंच" या सवयीने आहे, किंवा ज्यांचा नुकताच भ्रमनिरास झालाय त्यांना. भ्रमनिरास झालेल्याला "बघा, आम्ही सांगत होतो" म्हणणं ही सगळ्यात महागडी चूक. त्याने चूक केली असं कबूल करायला लावू नका. "तुम्ही विश्वास टाकला, त्यांनी तो पाळला नाही" एवढं म्हणा.

मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. २०१७ला तिथं बहुतेक ठिकाणी चार-चारचे प्रभाग होते आणि अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबावं लागत होतं. विरोधातल्या घराकडे तिथं सगळं पॅनल मागू नका. "तिघं तुमच्या मनातले घ्या, 'ब' जागेला आमच्या ताईंचा विचार करा" हे मागणं माणसाला पेलतं. त्याची पक्षनिष्ठा शाबूत राहते आणि तुम्हाला पाय ठेवायला जागा मिळते.

सांगोल्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) ११ वेळा आमदार झाले. १९६२ला पहिल्यांदा, २०१४ला शेवटचं. मध्ये १९७२ आणि १९९५ला हरले. राज्यात शेकाप आक्रसत गेला, लाटा आल्या-गेल्या, तरी इतर पक्षांना मानणारी घरं विधानसभेला त्यांना मत देत राहिली. पाण्याचा प्रश्न त्यांनी दशकानुदशकं सोडला नाही, एसटीने फिरले, आणि दार सगळ्यांना उघडं ठेवलं. गोरेगावात मृणाल गोरे 'पाणीवाली बाई' झाल्या त्या हंडे घेतलेल्या बायकांना सोबत घेऊन. त्या बायकांच्या घरात कोणता झेंडा आहे हे त्यांनी विचारलं नाही. नगरसेविका, आमदार आणि १९७७ला खासदार असा त्यांचा प्रवास झाला. पाणी, रेशन, शाळेचा दाखला, दवाखाना या गोष्टींवर बोलणं सुरू करा. विचारधारेवर बोलायची वेळ पुढं येते, आणि तेव्हा लोक ऐकतात.

कोणाच्या तोंडून बोलणं होतं तेही बघा. तालमीतल्या पोरांशी तालमीतला बोलू दे, बचत गटात गटातलीच ताई. बाहेरून आणलेला वक्ता टाळ्या घेऊन जातो. आणि "आमच्या समाजाची चारशे मतं माझ्या खिशात आहेत" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. असे लोक सगळ्याच पक्षांकडे जाऊन तेच सांगतात. ती चारशे माणसं मात्र कोणालाच भेटलेली नसतात.

७. पाकीट आणि जातधर्म

मतासाठी पैसे, साडी, दारू, जेवण देणं ही लाच आहे. धर्म, जात, भाषेच्या नावाने मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३खाली भ्रष्ट आचार आहे, त्यावर निवडून आलेला माणूस घरी जाऊ शकतो. त्यापलीकडेही एक व्यवहार बघा: पाकीट घेतलेल्या माणसाचा हिशेब तिथंच मिटतो. नंतर तो गटारासाठी तुमच्याकडे येत नाही आणि तुम्हीही त्याच्याकडे जात नाही. वर्षभर केलेल्या फेऱ्यांवर एका रात्रीत पाणी पडतं. वरून दबाव आला तर स्पष्ट नाही म्हणा. तुमच्या बूथवर तुमचा शब्द चालतो तो याच कारणाने.

८. शेवटचे दोन दिवस आणि मतदान

लोकसभा-विधानसभेला मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो. स्थानिक निवडणुकीला राज्य निवडणूक आयोगाचे वेगळे आदेश असतात, ते आधी वाचून ठेवा. या दिवसांत नवीन मत वळवायला जाऊ नका. वहीत ज्यांच्याशी नातं जुळलंय त्यांच्याकडे जा आणि एकच बोला: केंद्र कुठं, खोली कोणती, अनुक्रमांक किती, निघणार किती वाजता, सोबत कोण. "नक्की येतो"पेक्षा "साडेदहाला, सुनेबरोबर" हे उत्तर भरवशाचं. मतदार ओळखपत्र सापडत नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना असे पर्याय चालतात, हे सांगा. कित्येक जण त्या कारणाने परत फिरतात. विधानसभा-लोकसभेला ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येतं, पण त्यासाठी फॉर्म १२-ड वेळेत भरावा लागतो. तो बीएलओकडून आधीच मागवून ठेवा.

मतदानादिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार नाही, पक्षाचं टेबल २०० मीटरच्या बाहेर. उमेदवाराच्या खर्चाने गाड्या लावून मतदारांची ने-आण करणं बेकायदा आहे, हे गावाकडे अजून अनेकांना माहीत नसतं. अकरा, एक आणि तीन वाजता केंद्रात बसलेल्या आपल्या प्रतिनिधीने यादीवर केलेल्या खुणा बघून कोण आलं नाही ते काढा आणि ज्याने त्या घराला भेट दिली होती त्यालाच फोन करायला लावा. वेळ संपताना जे रांगेत उभे असतात त्यांना चिठ्ठ्या वाटून मत देऊ दिलं जातं. वेळ संपायला पंधरा मिनिटं असताना "आता काय उपयोग" म्हणणाऱ्याला हे सांगून धावत न्या.

निघताना प्रतिनिधीने फॉर्म १७-सी घेतलाच पाहिजे. केंद्रावर एकूण किती मतं नोंदली गेली त्याची ती सही केलेली नोंद असते, मोजणीला तीच ताडून बघायची.

९. निकालानंतरचा आठवडा

जिंकलात तर पहिल्या आठवड्यात विरोधातल्या घरांत जा. हरलात तर सगळ्याच घरांत जा. हरलेला कार्यकर्ता दारात उभा राहून "काकू, झाकणाचं काम मागे लागून करतोच" म्हणतो तेव्हा त्या घराचा पुढच्या वेळचा विचार तिथंच सुरू होतो. फॉर्म २० आला की आपले जुने आकडे बाजूला ठेवून बघा: ज्या केंद्रावर तुम्ही खरंच फिरलात तिथं एकूण मतदान किती वाढलं, तुमची मतं किती, 'नोटा' किती घटलं. नंतर वहीतली न उतरलेली नावं नव्या पानावर उतरवून घ्या. ऊसतोडीवरून परतणाऱ्यांकडे एप्रिल-मेमध्ये जा, चाकरमान्यांना गणपतीत गावी गाठा, आणि दहावी-बारावीचे निकाल लागले की कोणाच्या घरात अठराचं कोण होतंय ते विचारून फॉर्म ६ सोबत घेऊन निघा.